मार्साला : एका द्राक्षमद्याची जन्मकथा

इंग्रजी ज्ञानकोशांतून व प्रवासवर्णनांतून मार्साला नांवाच्या मद्याचा इतिहास बहुधा एकाच वाक्यांत उरकलेला असतो. इ. स. १७७३ मध्यें जॉन वूडहाउस नांवाच्या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानें सिसिली बेटाच्या पश्चिम टोंकावर तें शोधून काढलें, असें तें वाक्य. 'शोधून काढलें' हे शब्द वाचले कीं आमच्या मनांत किंतु उभा राहतो. वास्को द गामानें हिंदुस्थान 'शोधून काढला' हेंही वाक्य आम्हीं शाळेंत असतांना पाठ केलें होतें. ज्या कालिकत बंदरीं तो उतरला तेथें अरबांचीं जहाजें शेंकडों वर्षें येत होतीं, ही गोष्ट मात्र त्या वाक्यांत कोठेंच नव्हती. जी वस्तु तिचे धनी रोज हाताळीत असतात ती परक्याच्या दृष्टीस पडली म्हणजे सांपडली, अशी ही भाषा आहे. मार्सालाच्या बाबतींत ती कितपत खरी, आणि खोटी असल्यास तिच्याखालीं खरोखर काय घडलें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मद्याचा स्पर्श नसेल. आमच्याही घरीं द्राक्षासव येई तें वैद्यांच्या बाटलींतून, आणि तें चमच्यानें मोजून मिळे. तेव्हां हा लेख कोणत्याही पेयाची शिफारस नव्हे, हें वेगळें सांगावयास नको. परंतु ज्या पदार्थाच्या पायीं गव्हाचीं शेतें जाऊन द्राक्षमळे झाले, ज्याच्या वखारींमुळें एका राज्यक्रांतीच्या पहिल्या दिवशीं तोफा कांहीं काळ थांबल्या, त्याचा इतिहास केवळ तो मादक आहे म्हणून टाकून देणें अभ्यासकास शोभणारें नाहीं.

मार्साला हें मूळचें मद्याचें नांव नव्हे, गांवाचें. आणि गांवाचें नांवही इटालियन नव्हे, अरबी आहे. 'मर्सा' म्हणजे बंदर. त्यापुढील पद 'अली' समजावें कीं 'अल्ला', यावर विद्वानांत वाद आहे. आम्हांस त्यांत पडावयाचें नाहीं. अरबांनीं सिसिलीवर स्वारी केली ती इ. स. ८२७ मध्यें, जवळच्याच माझारा येथें उतरून. त्यापूर्वीं बाराशें वर्षें या जागेस लिलिबेअम म्हणत. सिराक्यूजच्या डायोनिशिअसनें इ. स. पूर्वीं ३९७ त मोट्या हें फिनिशियन लोकांचें बेटावरील नगर उद्ध्वस्त केलें, तेव्हां उरल्यासुरल्यांनीं समोरच्या भूशिरावर हें नवें नगर वसविलें. रोम व कार्थेज यांच्या पहिल्या महायुद्धांत रोमन सैन्य याच्या तटाबाहेर इ. स. पूर्वीं २५० पासून २४१ पर्यंत वेढा घालून बसलें होतें, आणि तरी नगर हातीं लागलें तें तहानें. सिपिओनें इ. स. पूर्वीं २०४ त आफ्रिकेकडे शिडें उभारलीं तीं येथूनच. सिसरो तरुणपणीं, इ. स. पूर्वीं ७५ त, येथें क्वेस्टर म्हणजे खजिन्याचा अधिकारी होता. आफ्रिकेचा किनारा येथून नव्वद मैलांच्या आसपास. तिकडील तप्त वारे उन्हाळ्यांत सरळ अंगावर येतात. उत्तरेस ट्रापानीपर्यंत उथळ खाडीच्या कांठानें मिठागरें पसरलीं आहेत. भाईंदर-उरणकडील मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस त्या किनाऱ्याची कल्पना करणें जड जाणार नाहीं. मात्र मिठागरांच्या मागें भाताऐवजीं द्राक्षांचे मळे आहेत असें समजावें.

या मुलखांत वूडहाउसच्या पूर्वीं कित्येक पिढ्या एक मद्य होत असे. त्यास तेथील लोक 'पेर्पेतुओ' म्हणत. अर्थ, अखंड. खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरीं ओकच्या किंवा चेस्टनटच्या लांकडाचें एक मोठें पिंप असे, आणि त्यांतील मद्य कधींही पुरतें काढावयाचें नाहीं असा नियम असे. लग्नकार्य, बारसें, सणवार, आलागेला, या निमित्तानें वर्षभरांत जेवढें काढलें जाई तेवढेंच नव्या सुगीचें मद्य घालून पिंप पुन्हां तोंडोतोंड भरावयाचें. आमच्या घरांतून विरजण जसें आजच्या दह्यांतून उद्यांच्या दह्यांत जातें, आणि पहिलें दहीं कोणी लाविलें हें आजीसही सांगतां येत नाहीं, तसाच हा प्रकार. भेद इतकाच कीं दहीं दुसऱ्या दिवशीं आंबट होतें आणि हें मद्य लोणच्यासारखें मुरत जातें. लांकडाच्या सूक्ष्म रंध्रांवाटे त्यांतील पाण्याचा अंश हळूहळू उडतो, हवेचा किंचित् प्रवेश होतो, फिकट पिवळा रंग मधासारखा होत जातो, आणि बदामाची व सुक्या अंजिराची आठवण देणारा वास त्यास येतो असें जाणते सांगतात. बाहेरून मद्यार्काची जोड त्यास लागत नसे. त्या उन्हांत पिकलेलीं पांढरीं द्राक्षें मुळांतच इतकीं गोड कीं त्यांचा रस आंबल्यावर मद्य आपोआप तीव्र होई, आणि पिंपांत वर्षें काढतां काढतां अधिकच तीव्र होई. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

आतां इंग्रजांकडे वळूं. अठराव्या शतकांतील इंग्रजांस तीव्र व गोडसर मद्य कां हवें होतें, याचें कारण त्यांच्या जिभेपेक्षां त्यांच्या राजकारणांत अधिक आहे. फ्रान्सशीं त्यांचें वारंवार युद्ध चाले. १७०३ च्या मेथ्युएन तहान्वयें पोर्तुगालच्या मद्यांवरील जकात फ्रेंच मद्यांवरील जकातीपेक्षां एक तृतीयांशानें कमी ठेवण्याचें इंग्लंडनें कबूल केलें. त्यामुळें श्रीमंतांच्या मेजावर पोर्ट आलें. त्याच्या जोडीस स्पेनची शेरी व मदीरा बेटाचें मद्य आलें. हीं सर्व मद्यें लांबच्या समुद्रप्रवासांत आंबून शिरका होऊं नये म्हणून त्यांत मद्यार्क घालीत. मदीरेचीं पिंपें तर मुद्दाम हिंदुस्थानच्या सफरीवर पाठवीत, आणि विषुववृत्ताचें ऊन खाऊन परत आलेल्या पिंपास अधिक भाव येई. ओघानें आलें म्हणून सांगतों : आमचें 'पिंप' हें पोर्तुगीज 'पीपा'चें रूप आहे, आणि मद्य मोजण्याचें इंग्रजांचें 'पाइप' हें मापही त्याच कुळांतलें. एका पाइपांत सुमारें चारशें लिटर मद्य मावे.

वूडहाउस मद्यासाठीं सिसिलींत आलाच नव्हता. साबण व कांच करण्यास लागणारा सोडाखार त्यास हवा होता, व तो घेण्याकरितां तो माझाऱ्याकडे चालला होता. वाटेंत वादळ झालें, त्याचें 'एलिझाबेथ' जहाज मार्सालाच्या आश्रयास आलें, गांवांतील खानावळींत त्यानें पेर्पेतुओ चाखलें, आणि हें तर मदीरेचें भावंड, असें त्याच्या मनानें घेतलें. अशी ही कथा आहे. वादळाविषयीं आम्ही थोडे साशंक आहों. बंदरांच्या दंतकथांतून वादळें फार सोयीस्कर वेळीं होतात. मार्सालाचें मुख्य देवालय कँटरबरीचा संत टॉमस याच्या नांवाचें आहे. तें कसें, असें विचारल्यास तेथील लोक सांगतात कीं, त्या संताच्या इंग्लंडांतील देवळासाठीं खांब घेऊन निघालेलें जहाज वादळानें येथें लागलें. म्हणजे इंग्लंडचा या गांवाशीं संबंध जेव्हां जेव्हां येतो तेव्हां वादळच तो घडवून आणतें! सोडाखाराचा व्यापार करणारा माणूस त्या किनाऱ्यावरील बंदरांतून हिंडत होता, आणि कोणत्या बंदरांत काय मिळतें याची चौकशी करीत होता, इतकें धरलें तरी पुरे आहे. त्यास वादळाची गरज नाहीं.

पुढें जें झालें त्याविषयीं मात्र शंका नाहीं. वूडहाउसनें पन्नासएक पिंपें मद्य विकत घेतलें, तें वाटेंत टिकावें म्हणून त्यांत मद्यार्क घातला, व तें इंग्लंडांत धाडून दिलें. तेथें तें खपलें. मदीरेपेक्षां तें स्वस्त पडे, आणि मदीरा चाखून पाहणारांपैकीं सर्वांचीच जीभ कांहीं पारखी नसते. वूडहाउसनें पुढें मार्सालासच आपली वखार घातली. चौफेर उंच भिंत, मध्यें मोठें अंगण व भोंवतीं कमानदार कोठारें अशी ही रचना. तीस तेथें 'बाल्यो' म्हणतात. कोकणांतल्या एखाद्या खोताच्या वाड्यास तट घालून त्यांत पिंपें रचावीं तसा कांहींसा हा देखावा होतो.

या मद्यास खरें दैव लाभलें तें नेपोलियनच्या काळांत. १७९८ मध्यें नेपल्सचा राजा फर्डिनंड यास फ्रेंचांच्या भीतीनें राजधानी सोडावी लागली, तेव्हां त्यास सहकुटुंब पालेर्मोस सुखरूप पोंचविणारा नेल्सन होय. त्या उपकाराबद्दल राजानें १७९९ मध्यें त्यास एटना पर्वताच्या पायथ्याची ब्राँटे ही जहागीर देऊन तेथील ड्यूक केलें. (याच ब्राँटेच्या मोहानें एका आयरिश धर्मोपदेशकानें आपलें आडनांव बदललें असें मानितात, त्याच्या तिघी मुलींच्या कादंबऱ्या आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविल्या आहेत.) भूमध्यसमुद्रांतील इंग्रज आरमारांत खलाशांस बिअरच्या ऐवजीं मद्य देत. माल्टा बेटांत अडकलेल्या फ्रेंचांभोवतीं वेढा पडला होता, आणि तेथील आरमारासाठीं मार्च १८०० मध्यें नेल्सननें वूडहाउसशीं पांचशें पिंपांचा करार केला. पांचशें पिंपें म्हणजे दोन लक्ष लिटर. एखाद्या व्यापाऱ्यास असें एक गिऱ्हाईक मिळालें म्हणजे दुसरें नसलें तरी चालतें. पण येथें दुसरींही मिळालीं, कारण ज्या मद्यावर नेल्सनचें आरमार लढलें तें आपल्याही मेजावर असावें असें लंडनच्या गृहस्थांस वाटूं लागलें. आजकाल ज्यास जाहिरात म्हणतात ती वूडहाउसला फुकट मिळाली.

१८०६ पासून १८१५ पर्यंत सिसिली बेट नांवानें फर्डिनंडचें व वास्तविक इंग्रज फौजेच्या छायेखालीं होतें. १८११ पासून १८१४ पर्यंत तेथील इंग्रज सूत्रधार कोण होता हें वाचून वाचकांस मौज वाटेल. तो लॉर्ड विल्यम बेंटिंक. मद्रासचा गव्हर्नर असतांना वेलोरच्या शिपायांचा १८०६ चा उठाव त्याच्या माथीं येऊन ज्यास परत जावें लागलें, आणि पुढें गव्हर्नर जनरल होऊन ज्यानें १८२९ मध्यें सतीची चाल कायद्यानें बंद केली, तोच हा. मधल्या काळांत तो सिसिलियन लोकांस १८१२ ची राज्यघटना करून देण्यांत गुंतला होता. ती घटना टिकली नाहीं. फर्डिनंडनें ती लौकरच गुंडाळून ठेविली. परंतु त्या संरक्षणाखालीं रुजलेल्या वखारी टिकल्या. यॉर्कशायरचा बेंजामिन इंगहॅम १८०६ मध्यें कापड विकण्यास सिसिलींत आला व १८१२ मध्यें त्यानें मार्सालास वूडहाउसच्या शेजारीं आपला बाल्यो उभारला. हा माणूस पूर्वीच्या दोघांतिघांपेक्षां अधिक पद्धतशीर. स्पेनमध्यें शेरी मुरविण्याची जी रीत आहे ती त्यानें येथें आणिली : एकावर एक पिंपांच्या रांगा, तळच्या रांगेंतून मद्य काढावयाचें, वरच्या रांगेंतून तळची भरावयाची, व सर्वांत वरती नवें मद्य घालावयाचें. म्हणजे पेर्पेतुओचीच ही शिस्तवार आवृत्ति. द्राक्षें केव्हां तोडावीं, सडकीं कशीं वेगळीं काढावीं, याविषयीं शेतकऱ्यांसाठीं त्यानें सूचनापत्रकही काढलें होतें. त्याच्या मदतीस असलेला एक भाचा वारला तेव्हां त्यानें बहिणीस, तुझा मुलगा गेला, दुसरा पाठवून दे, एवढेंच कळविलें, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, त्या पिढीच्या व्यापाऱ्यांची मूर्ति तिच्यांत दिसते.

शेतकऱ्यास यांतून काय मिळालें ? रोख पैसा मिळाला, आणि ज्या मुलखांत धान्याच्या मोबदल्यावरच पुष्कळसा व्यवहार चाले तेथें ही लहान गोष्ट नव्हे. पण तो आगाऊ मिळे, म्हणजे पीक आधींच बांधलें जाई. नीळवाल्यांच्या दादनीची हकीकत ज्यांनीं वाचली आहे त्यांस या व्यवहाराचा तोल कोणीकडे झुकतो हें सांगावयास नको. तथापि येथें नीळवाल्यांच्या काठ्या नव्हत्या, आणि मळा शेतकऱ्याचाच राहिला, हेंही न्यायबुद्धीनें म्हटलें पाहिजे. वूडहाउस-इंगहॅमांची उगीच निंदा करण्याचें आमच्या मनांत नाहीं. बाजार कोठें आहे हें त्यांस ठाऊक होतें, सिसिलियन शेतकऱ्यास ठाऊक नव्हतें; त्या ठाऊक असण्याची किंमत त्यांनीं वसूल केली.

इंगहॅमच्या भाच्यांचें व्हिटेकर घराणें पुढें फार श्रीमंत झालें. त्यांतील जोसेफ व्हिटेकर यानें मद्याच्या पैशांतून मोट्याचें बेट विकत घेतलें, विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें उत्खनन केलें, आणि १९२१ मध्यें त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. डायोनिशिअसनें जाळलेलें नगर पुन्हां उजेडांत आलें तें अशा रीतीनें. तेथेंच १९७९ मध्यें सांपडलेला एका तरुणाचा संगमरवरी पुतळा ग्रीक शिल्पाचा उत्कृष्ट नमुना मानला जातो.

इंग्रजांच्या या मक्तेदारींत पहिला स्वदेशीय शिरला तो व्हिन्चेन्झो फ्लोरिओ. याचा जन्म कालाब्रियांतला. घराण्याचें पालेर्मोस मसाल्याचें व औषधांचें दुकान होतें. त्यानें १८३३ मध्यें वूडहाउस व इंगहॅम यांच्या बाल्योंच्या मधोमध जागा घेऊन आपला बाल्यो बांधला. जागेची ही निवडच पुरेशी बोलकी आहे. पुढें त्याचीं जहाजें झालीं, त्याच्या मुलानें १८७४ मध्यें समोरचीं एगादी बेटें तेथील मासेमारीसह विकत घेतलीं, आणि १८८१ मध्यें फ्लोरिओ व जिनोआचा रुबात्तिनो या दोन जहाज-कंपन्यांचें एकीकरण झालें. त्या जोड-कंपनीच्या आगबोटी मुंबई बंदरांतही येत असत.

रुबात्तिनोचें नांव आलें कीं १८६० आठवतें. त्याच्याच 'पियेमोंते' व 'लोंबार्दो' या दोन आगबोटींवरून गॅरिबाल्डी आपल्या हजार वीरांसह ता. ११ मे १८६० रोजीं मार्साला येथें उतरला. इटलीच्या एकीकरणाची कथा महाराष्ट्रास नवीन नाहीं. सावरकरांनीं मॅझिनीचें चरित्र १९०७ मध्यें मराठींत आणिलें तेव्हांपासून, किंबहुना त्याच्याही आधींपासून, आमच्याकडील सुशिक्षितांच्या दोन पिढ्या त्या कथेवर पोसल्या. पण हजारांचें उतरणें निर्विघ्न कां झालें, याच्या कारणांत मद्याच्या वखारीही आहेत, हें त्या पिढ्यांस फारसें कोणी सांगितलें नसेल. नेपल्सच्या राजाचीं लढाऊ जहाजें जवळच होतीं. परंतु बंदरांत इंग्रजांचीं 'आर्गस' व 'इंट्रेपिड' हीं जहाजें उभीं होतीं, त्यांचे कांहीं अधिकारी किनाऱ्यावर होते, आणि किनाऱ्याला लागून इंग्रज व्यापाऱ्यांचे बाल्यो त्यांचीं निशाणें फडकवीत होते. एखादा गोळा त्यांवर पडला तर लंडनला काय जबाब द्यावा, या विवंचनेंत नेपल्सचा अधिकारी घुटमळला. तोफा सुरू झाल्या तोंपर्यंत बहुतेक माणसें धक्क्यावर उतरलीं होतीं. वखारवाल्यांनीं हें मुद्दाम केलें असें कोणी म्हणत नाहीं. त्यांस आपल्या पिंपांची काळजी होती, इतकेंच.

गॅरिबाल्डी स्वतः पाण्यावर संतुष्ट असणारा माणूस. तरी १८६२ मध्यें तो मार्सालास पुन्हां आला तेव्हां फ्लोरिओच्या कोठारांत त्यास एक गोड मद्य आवडलें, व त्यास 'गॅरिबाल्डी दोल्चे' म्हणजे 'गॅरिबाल्डी गोड' असें नांव पडलें. हें नांव अजून कायद्यांत आहे.

आणि येथें या मद्याच्या प्रकारांकडे वळण्यास हरकत नाहीं, कारण त्या प्रकारांच्या नांवांतच सर्व इतिहास गोठून राहिला आहे. सर्वांत तरुण तें 'फीने'. एक वर्ष पुरें केलेलें, शेंकडा १७ मद्यार्काचें. दोन वर्षें मुरलेलें तें 'सुपेरिओरे', चार वर्षांचें तें 'रिझेर्व्हा'. सुपेरिओरेच्या बाटलीवर आजही 'एस्. ओ. एम्.' किंवा 'एल्. पी.' हीं अक्षरें घालण्याची मुभा आहे. पहिल्याचा अर्थ 'सुपीरिअर ओल्ड मार्साला', दुसऱ्याचा 'लंडन पर्टिक्युलर'. इटलीच्या लोकसत्ताक राज्याच्या कायद्यांत लंडनच्या गिऱ्हाइकाची आवड अशी कोरून ठेविलेली पाहिली म्हणजे हंसूं येतें. रंगावरून आणखी तीन भेद : 'ओरो' म्हणजे सोनेरी, 'अंब्रा' म्हणजे अंबरासारखें, व 'रुबीनो' म्हणजे माणकासारखें. पहिलीं दोन पांढऱ्या द्राक्षांचीं. रुबीनो काळ्या द्राक्षांचें व अलीकडचें. अंब्रामध्यें द्राक्षरस विस्तवावर आटवून घातलेला असतो. आमच्याकडे उसाची काकवी करितात, तसाच हा प्रकार; रंग व किंचित् करपट गोडी त्यामुळें येते. गोडीवरून पुन्हां कोरडें, मध्यम व गोड असे भाग आहेत. लिटरमागें ४० ग्रॅमांच्या आंत साखर तें कोरडें, १०० च्या वर तें गोड. या सर्वांहून निराळें तें 'व्हेर्जिने', म्हणजे निर्भेळ. यांत आटवलेला रस नाहीं, गोड करण्यासाठीं न आंबलेला रसही नाहीं. मद्य आंबून कोरडें झाल्यावर मद्यार्क तेवढा घालावयाचा, व पांच वर्षें लांकडांत ठेवावयाचें. दहा वर्षांचें असल्यास त्यास 'स्त्राव्हेक्किओ', म्हणजे अतिवृद्ध, म्हणतात. जुन्या पेर्पेतुओच्या सर्वांत जवळचें हेंच. पण जवळचें, तेंच नव्हे.

द्राक्षांच्या जातींतही एक गंमत आहे. इन्झोलिया व कातार्रात्तो या जुन्या जाती. पण ज्या 'ग्रील्लो' जातीस आज मार्सालाचा प्राण म्हणतात ती आन्तोनिओ मेंदोला नांवाच्या सिसिलियन जहागीरदारानें १८६९ मध्यें कातार्रात्तो व झिबिब्बो यांच्या संकरानें तयार केली. म्हणजे वूडहाउसनें चाखलेल्या, नेल्सननें घेतलेल्या, किंवा गॅरिबाल्डीपुढें आलेल्या एकाही पेल्यांत ग्रील्लो नव्हतें. १८८० मध्यें फिलॉक्सेरा नांवाची कीड सिसिलींत शिरली व वेलींचीं मुळें खात गेली. मळे पुन्हां लावण्याची पाळी आली तेव्हां ही नवी, उन्हास टिकणारी व भरपूर साखर धरणारी जात लोकांनीं उचलली. ज्यास 'परंपरागत' म्हणतात तें पुष्कळदां आपल्या आजोबांच्या वेळचें असतें.

उतरती कळा कशी लागली हें सांगण्यास फार वेळ नको. इंग्रजांची आवड बदलली. फ्लोरिओ घराण्याचा पैसा राजवाड्यांत व शर्यतींत आटला. १९०६ मध्यें सुरू झालेली मोटारींची प्रसिद्ध 'तार्गा फ्लोरिओ' शर्यत ही त्याच घराण्याची. १९२० च्या दशकांत तुरीनच्या चिंझानो कंपनीनें फ्लोरिओ, इंगहॅम व वूडहाउस हीं तिन्हीं नांवें आपल्या पदराखालीं घेतलीं. अमेरिकेंत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती, तेव्हां मार्साला तेथें औषधी टॉनिक म्हणून जात असे. आमच्या वैद्यांच्या बाटलीची येथें आठवण होते. ता. ११ मे १९४३ रोजीं, म्हणजे गॅरिबाल्डी उतरला त्यास बरोबर त्र्यायशीं वर्षें झालीं त्या दिवशीं, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं गांवावर भयंकर बाँबवर्षाव केला.

बाँबपेक्षांही स्वयंपाकघरानें या मद्याचें अधिक नुकसान केलें असें आमचें मत आहे. अंड्याचा बलक, साखर व मार्साला घोटून 'झाबाल्योने' नांवाचें पक्वान्न करितात. वासराच्या मांसाच्या पातळ कापांवरही त्याचा रस्सा घालितात. तेवढ्यानें बिघडलें नसतें. पण मग कारखान्यांतूनच अंडें घातलेलें मार्साला बाटलींत येऊं लागलें. त्यामागून कॉफीचें आलें, बदामाचें आलें, केळ्याचें देखील आलें. जें पिंप पिढ्यान् पिढ्या रिकामें करावयाचें नाहीं त्याच्या नांवावर वर्षाच्या आंत वाटेल तें विकलें जाऊं लागलें, आणि स्वस्त मद्यास चांगलीं द्राक्षें कोण देणार ? मार्साला हें नांव कोणत्या प्रदेशांतील मद्यास लावावें हें १९३१ मध्यें ठरलें होतें, १९६९ मध्यें त्यास विधियुक्त प्रादेशिक नांवाचा दर्जाही मिळाला. परंतु या भेसळीच्या गोडगट्ट प्रकारांवरून तें नांव काढून घेण्यास १९८४ चा कायदा यावा लागला. ते आतां 'क्रेमोव्हो' या नांवानें विकतात.

आतां वाचकांस जी गोष्ट ध्यानांत ठेवण्यास सांगितली होती तिच्याकडे येतों. मार्सालांत मद्यार्क घालणें ही वूडहाउसच्या वेळीं वाटेची सोय होती. शिडाच्या जहाजांतून पिंपें लिव्हरपूलपर्यंत न बिघडतां पोंचावीं म्हणून. आगबोटी आल्या, बाटल्या आल्या, ती सोय अनावश्यक झाली. पण तोंपर्यंत ती मद्याच्या व्याख्येंत जाऊन बसली होती. आज बाहेरून मद्यार्क न घातलेल्या मद्यास कायद्यानें मार्साला म्हणतां येत नाहीं. मार्को दे बार्तोली हा तेथल्याच एका मद्यव्यापारी घराण्यांतला मनुष्य. यानें सांपेरी या वस्तीवरील आपल्या मळ्यांत, जुन्या घरांतून पेर्पेतुओचीं पिंपें जमवून, ग्रील्लो द्राक्षांचें मद्य मद्यार्काच्या थेंबावांचून पूर्वीच्या रीतीनें मुरविलें, व १९८० मध्यें तें बाजारांत आणिलें. जाणत्यांनीं तें डोक्यावर घेतलें. वूडहाउस येण्यापूर्वीं त्या गांवीं जें होत असे त्याच्याशीं याचें नातें सर्वांत सरळ. २०११ मध्यें दे बार्तोली वारला. त्याचीं मुलें तीं पिंपें अजून भरीत आहेत. त्या बाटलीवर 'व्हेक्किओ सांपेरी', म्हणजे 'जुनें सांपेरी', असें छापलेलें असतें. मार्साला हें नांव तिच्यावर घालण्यास परवानगी नाहीं.